‘हिस्पॅनिक’ हा शब्द उंबरठ्याबाहेरच बरा

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टेक्सासमधील आमच्या सान अँटोनियो शहरातील दुकानांत दरवर्षी एक कप्पा नव्याने सजतो. रुंद काठाच्या गवती टोप्या, कातरलेल्या रंगीत कागदांच्या माळा, खुळखुळ्यासारखी वाजणारी माराकास आणि वीस देशांचे चिमुकले झेंडे एकाच दोरीला. त्याच सुमारास शाळेतून पालकांना पत्र येते: हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या लोकांच्या, वारसा महिन्यानिमित्त पाल्याला ‘हिस्पॅनिक पोशाखात’ पाठवावे आणि जमल्यास एखादा ‘हिस्पॅनिक पदार्थ’ द्यावा. आमच्या शेजारी आठ वर्षांची एक मुलगी राहते. तिची आई पोर्तो रिको बेटावरील पॉन्से गावची, आणि वडिलांचे घराणे मेक्सिकोतील नुएव्हो लेओनमधून आलेले, पण गेल्या चार पिढ्या टेक्सासमध्येच वाढलेले. दोन वर्षांपूर्वी ते पत्र हातात घेऊन तिची आई आमच्या कुंपणापाशी उभी राहिली आणि मला अर्धवट हसत विचारू लागली की हिस्पॅनिक पोशाख म्हणजे नेमका कोणता. मुलाला ‘आशियाई पोशाखात’ पाठवा असे कोणी मला सांगितले असते, तर मी नऊवारी काढावी की किमोनो, हे मला तरी कुठे सुचले असते? शेवटी ती मुलगी दुकानातून आणलेली टोपी घालून गेली. तिच्या दोन्ही आजोळ-पणजोळांत तशी टोपी कोणी कधी घातलेली नव्हती.

हिस्पॅनिक संस्कृती घरी, मुलाबाळांसह कशी साजरी करावी या प्रश्नाला दरवर्षी याद्यांच्या रूपाने उत्तरे मिळतात: अमुक पदार्थ करा, तमुक कागदी फुले बनवा, या तालावर नाचा. त्या याद्यांतील कृतींना माझी हरकत नाही. माझी हरकत त्या विशेषणाला आहे. ‘हिस्पॅनिक’ हा शब्द जनगणनेच्या तक्त्यात, न्यायालयात आणि मतदारसंघांची आखणी होते तेथे फार उपयोगाचा आहे, आणि तेथे तो जपलाच पाहिजे. स्वयंपाकघरात मात्र त्याला काही काम नाही. घरातला सण पॉन्सेचा असतो, मेक्सिकोतील पुएब्लाचा असतो, ग्वातेमालातील सुंपांगो गावाचा असतो. ‘हिस्पॅनिक’ सण आजवर कोणाच्याच आजीने केलेला नाही.

या महिन्याची घडण पाहिली तरी हे कळते. लॉस एंजेलिसचे लोकप्रतिनिधी एडवर्ड रॉयबल यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने असा एक आठवडा पाळण्याचा ठराव केला आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. पुढे १९८८ मध्ये, रीगन यांच्या काळात, त्या आठवड्याचा १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा महिना झाला. १५ सप्टेंबर हा ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा १८२१ सालचा स्वातंत्र्यदिन. १६ तारखेला मेक्सिको १८१० च्या उठावाचे स्मरण करतो आणि १८ तारीख चिलीची. म्हणजे महिना बेतला आहे तो राष्ट्रांच्या दिनदर्शिकेवर. घराचे पंचांग निराळे असते. मेलेल्यांची आठवण नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत होते. कोलंबियाची घरे ७ डिसेंबरच्या रात्री मेणबत्त्यांनी उजळतात. मेक्सिकन पोसादांच्या, म्हणजे नाताळपूर्व मिरवणुकांच्या, नऊ रात्री १६ ते २४ डिसेंबर, तीन राजांचा दिवस ६ जानेवारी, कांदेलारिया २ फेब्रुवारी. मेक्सिकन घरांत १५ सप्टेंबरच्या रात्री पोसोले, म्हणजे मक्याचे रस्सेदार कालवण, शिजते हे खरे, पण तेवढे सोडले तर ज्या दिवसांची मुले वर्षभर वाट पाहतात, त्यांतला एकही दिवस या सरकारी महिन्यात येत नाही. माझ्या शेजारणीची गोष्ट तर आणखी वेगळी. तिचे बेट १८९८ मध्ये स्पेनच्या हातून अमेरिकेच्या हाती गेले, १९१७ पासून तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, आणि सप्टेंबरात साजरा करावा असा स्वातंत्र्यदिनच त्या बेटाला नाही.

तरीही हा शब्द टाकून द्या असे मी म्हणणार नाही, कारण तो नसताना काय होते हे याच राज्याने पाहिले आहे. टेक्सासच्या जॅक्सन परगण्यात पंचवीस वर्षांत हजारो ज्युरी निवडले गेले आणि त्यांत मेक्सिकन वंशाचे एकही नाव नव्हते. राज्याचा युक्तिवाद असा की कायद्याला गोरे आणि काळे असे दोनच वर्ग ठाऊक आहेत, मेक्सिकन लोक गोऱ्यांत मोडतात आणि ज्युरीत गोरेच असल्याने तक्रारीला जागा उरत नाही. मे १९५४ मध्ये ‘हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांना स्वतंत्र समूह म्हणून संरक्षण आहे असा निकाल दिला. भेदभाव सिद्ध करायचा तर मोजणी लागते आणि मोजणीला नाव लागते. १९७६ मध्ये स्पॅनिश मूळ असलेल्या नागरिकांची आकडेवारी ठेवण्याचा कायदा झाला, १९८० च्या जनगणनेत तो प्रश्न प्रत्येक घराला विचारला गेला, आणि २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोकांनी त्या रकान्यात खूण केली. दर पाच-सहा माणसांमागे एक अशा समूहाला आता तुम्ही आमच्यात मोडता असे सांगून गप्प बसवता येत नाही.

पण ते नाव कामकाजासाठी घडवलेले असल्यामुळे त्याच्या कडा कामकाजासारख्याच आहेत. ब्राझीलमधून आलेला माणूस या व्याख्येत बसत नाही, कारण त्याचा वारसा पोर्तुगीज. गोव्याच्या वाचकाला यातली गंमत चटकन कळेल: एकाच द्वीपकल्पातून निघालेल्या दोन सत्तांपैकी एकीचे वारस तक्त्यात आहेत आणि दुसरीचे बाहेर. कागदावर हे चालते. अडचण तेव्हा होते, जेव्हा तक्त्याचे शीर्षक उचलून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावले जाते.

त्या शीर्षकाखाली काय होते ते नोव्हेंबरातील मृतांच्या दिवसावरून पाहता येईल. मध्य आणि दक्षिण मेक्सिकोतील घरांत ओफ्रेंदा मांडतात. चौरंगासारखी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी असते. तिच्यावर गेलेल्या माणसांची छायाचित्रे, प्रवासाने तहानलेल्या जिवासाठी पाण्याचा पेला, मीठ, कोपालचा धूप, पाव, आणि दारापासून वाट दाखवणाऱ्या सेंपासूचिलच्या, म्हणजे झेंडूच्या, पाकळ्या. ही प्रथा युनेस्कोच्या यादीत २००८ मध्ये गेली आणि जगभर लाडकी झाली. इतकी की आता ‘हिस्पॅनिक’ कुटुंबाने घरी काय करावे असे विचारले की पहिले उत्तर हेच येते. पण ग्वातेमालात त्याच दिवशी सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस येथे कागदाचे प्रचंड गोल पतंग स्मशानभूमीजवळ उभे करतात, लहान पोरे लहान पतंग उडवतात, आणि घरोघर फियांब्रे नावाची थंड कोशिंबीर होते, जिच्यात जिन्नस किती पडावेत यावरून घराघरांत वाद असतो. एक्वादोरमध्ये जांभळे, दाट, मसालेदार पेय उकळते आणि मुले पिठाच्या बाहुल्या करून त्यांना रंगीत साखरेचे डोळे लावतात. त्या बाहुल्यांना ग्वाग्वा म्हणतात, आणि तो शब्द स्पॅनिशही नाही, तो केचुआ भाषेतील ‘बाळ’ आहे. पॉन्सेच्या माझ्या शेजारणीने लहानपणी ओफ्रेंदा कधी पाहिली नव्हती. तिच्या मुलीला शाळेत ती ‘आपली परंपरा’ म्हणून शिकवली गेली. वडिलांच्या बाजूने ती तिची होऊही शकते; पण शाळेने त्या बाजूची चौकशी केलेली नव्हती. रकान्यातली खूण पुरेशी होती.

प्रदर्शनाची ही ओढ मूळ देशालाही सोडत नाही. २०१५ मधील एका इंग्रजी गुप्तहेरपटाच्या सुरुवातीला मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूक जाताना दाखवली होती. तशी मिरवणूक त्या शहरात निघतच नव्हती. चित्रपट पाहून पर्यटक ती शोधत येतील म्हणून २०१६ पासून शहराने ती खरोखर काढायला सुरुवात केली. ‘सिंको दे मायो’चे तर उलटेच झाले. १८६२ साली पुएब्ला येथे फ्रेंच सैन्याचा पराभव झाला, त्याचा तो दिवस. कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वस्त्यांनी त्याच दशकात तो पाळायला घेतला, आणि १९८० नंतर बिअर कंपन्यांनी त्याला आजचे रूप दिले. मेक्सिकोत पुएब्ला सोडले तर त्याचे फारसे अप्रूप नाही. सहकुटुंब करण्याजोगे काही शोधणाऱ्याने पहिल्यांदा हा दिवस वगळावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मग घरात करावे तरी काय? याचे उत्तर मला कोणत्या पुस्तकात मिळाले नाही. ते शेजारच्या स्वयंपाकघरात मिळाले. त्या मुलीच्या वडिलांची आई, आबुएला, याच शहराच्या पश्चिम भागात राहते. डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी तिच्याकडे तमालादा असते, म्हणजे तमालेस, मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून उकडलेले पदार्थ, करायला घरच्या बायका आणि हल्ली नाइलाजाने काही पुरुष जमतात. गेल्या वर्षी मलाही बोलावले होते. टेबलाच्या एका टोकाला रात्रभर भिजवलेली मक्याच्या कणसाची पाने, दुसऱ्या टोकाला मोठ्या परातीत मासा, म्हणजे चुनकळीच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याचे पीठ, डुकराच्या चरबीत फेसलेले. आबुएलाने त्यातली सुपारीएवढी गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली. ती बुडाली. ‘अजून,’ ती म्हणाली, आणि मोठ्या सुनेने पुन्हा दहा मिनिटे फेसले. दुसरी गोळी तरंगली तेव्हा काम सुरू झाले. पानाची गुळगुळीत बाजू कोणती आणि खरखरीत कोणती हे बोटाने ओळखायचे, गुळगुळीत बाजूवर चमच्याच्या पाठीने पीठ पसरायचे, टोकाकडे तीन बोटे जागा सोडायची. आठ वर्षांच्या मुलीला हे काम होतेच; शिवाय तिच्याकडे आणखी एक जबाबदारी होती. उकडपात्राच्या तळाशी, पाण्यात, एक नाणे टाकलेले असते. पाणी उकळत असेपर्यंत ते खळखळत राहते. आवाज थांबला की पाणी संपले, आता भांडे करपणार. दोन तास ती मुलगी गप्पांच्या गलक्यात एक कान त्या नाण्याकडे लावून बसली होती, आणि आवाज मंदावल्यावर तिने जी आरोळी ठोकली ती स्पॅनिशमध्ये होती, कारण त्या स्वयंपाकघरात पाणी संपल्याची बातमी त्याच भाषेत दिली जाते.

मुलांना ‘सामील करून घ्यावे’ असे सगळेच सांगतात. माझे म्हणणे त्याहून थोडे कडक आहे: मुलाला असे काम द्यावे की ते त्याने चुकवले तर सगळ्यांचे जेवण बिघडेल. रंगवायला दिलेल्या कागदी मुखवट्यात असा धोका नसतो, म्हणून त्याची आठवणही राहत नाही. उकडीच्या मोदकांची पारी फाटली की आई ती माझ्या हातातून काढून न घेता पुन्हा वळायला लावत असे. आबुएलाच्या टेबलाशी बसल्यावर मला तो हात आठवला. आणि या कामात किती विद्या दडलेली असते हे सांगायला मक्याचे पीठच पुरे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील बायका हजारो वर्षे मका चुन्यात शिजवत आल्या, त्यामुळे त्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळत राहिले. युरोपीयांनी मका नेला, पण ही कृती नेली नाही. परिणामी उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, जेथे गरिबांचे पोट नुसत्या मक्यावर भरत असे, तेथे पेलाग्रा या रोगाने माणसे मेली. पीक जहाजात बसले, पण त्यामागचे शहाणपण चुलीपाशीच राहिले. त्या मुलीला हे आज ठाऊक नाही. परंतु चुन्याचा तो वास तिच्या नाकाला ओळखीचा आहे, आणि उद्या रसायनशास्त्राच्या वर्गात कोणी हे सांगितले तर तिला ते परके वाटणार नाही.

आता भाषेकडे. या विषयातील सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि याद्या त्याला नेमक्या बगल देतात. त्या दिवशी तमालादेत पन्नाशीच्या आतले बहुतेक जण आबुएलाचे स्पॅनिश ऐकून इंग्रजीत उत्तर देत होते. मुलीचे वडील स्पॅनिश समजतात, बोलत नाहीत. मी कारण विचारल्यावर आबुएलाने हात पुढे केला आणि बोटांच्या पेरांवर दुसऱ्या हाताने पट्टी मारल्याची नक्कल केली. शाळेच्या मैदानावर स्पॅनिश बोलल्याबद्दल तिला मार बसला होता, आणि आपल्या मुलांना तो बसू नये म्हणून तिने घरातच इंग्रजी सुरू केली. ही एका घराची गोष्ट नाही. टेक्सासने १९१८ मध्येच इंग्रजीखेरीज अन्य भाषेत शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. पश्चिम टेक्सासच्या मार्फा गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ठेवलेली ब्लॅकवेल शाळा होती. तेथे १९५४ मध्ये मुलांकडून ‘मी शाळेत स्पॅनिश बोलणार नाही’ अशा चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि त्या पेटीत घालून ध्वजस्तंभाजवळ स्पॅनिशचा दफनविधी उरकला. हर्नांडेझ खटल्याचा निकाल लागला ते वर्षही हेच. न्यायालय त्या लोकांना समूह म्हणून मान्यता देत होते आणि शाळा त्याच समूहाच्या मुलांकडून त्यांची भाषा पुरून घेत होती. ब्लॅकवेल शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. २०२२ मध्ये तसा कायदा झाला.

म्हणून वारसा घरी साजरा करा या प्रेमळ उपदेशात मला थोडी लबाडी दिसते. घरातून भाषा काढून घेण्याचे काम सार्वजनिक संस्थांनी केले, आणि ती परत आणण्याचे काम आता घरांनी आपल्या वेळेत, आपल्या खर्चाने करायचे. १९६८ सालातच पाहा. त्या वर्षी जानेवारीत जॉन्सन यांनी द्वैभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली होती, ज्यात शाळांना पैसे मिळत, आणि सप्टेंबरात वारसा आठवड्याच्या ठरावावर, ज्याला पैसे लागत नव्हते. (हेच जॉन्सन तरुणपणी, १९२८ मध्ये, आमच्या शहराच्या दक्षिणेला कोतुला गावी मेक्सिकन मुलांना शिकवत आणि मैदानावरही त्यांनी इंग्रजीच बोलावे असा आग्रह धरीत, माणसे सरळ रेषेत वागत नाहीत.) पुढे आठवड्याचा महिना झाला. द्वैभाषिक शिक्षणाचा कायदा मात्र २००२ मध्ये गुंडाळला गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या तरतुदीचे नावच इंग्रजी आत्मसात करण्याविषयीचे होते. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये मतदानाने द्वैभाषिक वर्गांवर निर्बंध आणले आणि ते उठवायला २०१६ उजाडले. मार्च २०२५ मध्ये इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा म्हणून अध्यक्षीय आदेशाने जाहीर झाली. सप्टेंबरचा महिना अर्थात कायद्याच्या पुस्तकात जसाच्या तसा आहे. टोप्यांना आणि झेंड्यांना कोणाचा विरोध नसतो. ज्याला शिक्षक नेमावे लागतात, पुस्तके छापावी लागतात, तेथे हात आखडतो. शेजारणीला जर शाळेला एकच पत्र लिहायचे असेल, तर ते पोशाखाबद्दल न लिहिता द्वैभाषिक वर्गाबद्दल लिहावे, असे मी तिला सांगितले आणि तिने ते लिहिलेही. उत्तर अद्याप आलेले नाही.

घराने मात्र त्या उत्तराची वाट पाहत बसू नये, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोरांना लाज आणू नये. प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, लोकांच्या पाहणीत ७८ टक्के लोकांनी म्हटले की लॅटिनो असण्यासाठी स्पॅनिश येणे आवश्यक नाही, आणि ८५ टक्के लोकांनी म्हटले की पुढच्या पिढ्यांना स्पॅनिश येणे महत्त्वाचे आहे. यात विसंगती वाटू शकते, पण प्रत्येक स्थलांतरित घराची ही मनःस्थिती असते. त्याच पाहणीत, ज्यांना स्पॅनिश फारसे येत नाही अशांपैकी निम्म्याहून अधिकांना आपल्याच लोकांनी त्यावरून हिणवल्याचे आढळले. मार खाल्लेल्या आजीच्या नातवाला वर टोमणा. रविवारच्या मराठी शाळेत ‘अगं, साधं मराठी येत नाही?’ असे म्हणणारे काका मला चांगले ठाऊक आहेत, आणि त्यांच्यामुळे एकही मूल मराठी शिकलेले मी पाहिलेले नाही.

भाषा घरात परत येते ती ठरलेल्या, लहानशा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागांतून. लोतेरिआ हा खेळ त्यातली एक उत्तम जागा आहे. आपल्या हाउजीसारखाच, पण अंकांऐवजी चौपन्न चित्रे. प्रत्येकाच्या पाटीवर सोळा घरे, आणि खुणेसाठी राजम्याचे दाणे. पुकारा करणारा नुसते ‘कोंबडा’ म्हणत नाही. सेंट पीटरसाठी जो आरवला तो पुन्हा आरवणार नाही, अशी ओळ म्हणतो आणि ऐकणाऱ्याने चित्र ओळखायचे. चांगला पुकारणारा आपल्या ओळी आपणच रचतो, त्यात चुलत्याचे टक्कल येते, जावयाची गाडी येते. ज्या मुलाला वाक्य जुळवता येत नाही त्यालाही जिंकायचे असते, म्हणून ते कान देते. तिसऱ्या डावाला ते स्वतः पुकारायला बसते. व्याकरणाची चूक कोणी काढत नाही, कारण सगळ्यांचे लक्ष दाण्यांवर असते.

याच खेळावरून ‘सहकुटुंब’ या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. १८८७ पासून मेक्सिकोत छापल्या जाणाऱ्या त्या प्रसिद्ध पत्त्यांत एक दारुडा आहे, एक ‘नेग्रितो’ आहे, एक ‘अपाची’ आहे. मुलांसमोर हे पत्ते काढावेत का, हा प्रश्न खरा आहे. नव्या संचांतून ते वगळले की प्रश्न मिटतो असे काहींना वाटते. मला वाटते की सात-आठ वर्षांच्या मुलाला हा माणूस असा का काढला असेल हे विचारता येते आणि त्याचे उत्तर पेलवतेही. मेक्सिकोत आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, त्यांचे वंशज आजही वेराक्रुझ आणि गेरेरोच्या किनाऱ्यांवर आहेत, आणि हसण्यासाठी काढलेल्या चित्राने त्यांना काय वाटत असेल: एवढे संभाषण त्या पत्त्यामुळे घडले तर पत्त्याचे सार्थक झाले. सहकुटुंब म्हणजे बोचणारे सर्व काढून टाकलेले, असा अर्थ घेतला तर स्पेनच्या स्वारीपासून मका चुन्यात शिजवणाऱ्या बायकांच्या देवांपर्यंत काहीच सांगता येणार नाही, आणि हाती उरेल ती पुन्हा टोपी.

यातून माझ्याच मांडणीवर एक आक्षेप येतो, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. स्पॅनिश जपा म्हणताना मी कोणाची भाषा जपायला सांगते आहे? कॅलिफोर्नियाच्या ऑक्सनार्डमधील शेतमजुरांपैकी कित्येकांची घरची भाषा मिश्तेको, ही मेक्सिकोतील मूळ रहिवाशांची भाषा, आहे. ग्वातेमालाहून आलेल्या अनेक घरांत माम किंवा किचे या माया भाषा बोलतात आणि स्पॅनिश ही त्यांनी शाळेत, बहुधा अपमानासह, शिकलेली भाषा आहे. अशा मुलाला ‘हिस्पॅनिक वारसा’ म्हणून स्पॅनिश गाणे शिकवणे म्हणजे मार्फाच्या खड्ड्यावर दुसऱ्या भाषेत पाटी लावणे आहे. म्हणूनच मी विशेषणाला उंबरठ्याबाहेर ठेवायला म्हणते. आजीचे गाव कोणते, तिथे रात्री मुलांना कोणत्या भाषेत झोपवत, हे दोन प्रश्न विचारले तर माम घरात माम येईल आणि पॉन्सेच्या घरात पॉन्सेचे शब्द गिळणारे स्पॅनिश.

दोन-तीन मुळे असलेल्या घरांनी काय करावे, असेही विचारले जाते. माझ्या शेजारच्या घरात मला त्याचे उत्तर दिसते: दोन्हींची सरासरी काढू नये. डिसेंबरात तिथे आबुएलाचे तमालेस होतात आणि नाताळच्या आदल्या दिवशी आईकडचे पास्तेलेस, म्हणजे किसलेली हिरवी केळी आणि अळकुडीसारखा याउतिया केळीच्या पानात बांधून उकडलेले. दोन्ही पानांत गुंडाळलेले, दोन्ही श्रमाचे, आणि दोन्हींची चव एकमेकींच्या जवळही जात नाही. मुलगी दोन्ही करते आणि आपल्याला कोणते अधिक आवडते हे दोन्ही आज्यांना वेगवेगळे सांगते.

आमच्यासारख्या पाहुण्यांविषयी थोडे. ज्यांचे मूळ त्या देशांत नाही त्यांनी घरी हे सण मांडावेत का, यावर माझे मत सौम्य आहे: बोलावले तर जावे, सांगितलेले काम करावे, आणि आपल्या घरी नक्कल मांडू नये. ज्यांचे मेलेले नाहीत त्यांनी ओफ्रेंदा रचली की ती शोभेची पायरी होते. देवाणघेवाण तशीही थांबत नाही. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आणि चिकू हे नाव तेथील नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशच्या मार्गे आपल्याकडे पोहोचले. आबुएलाला मी हे सांगितले तेव्हा तिला आश्चर्य वाटले नाही. चांगले फूल कुठेही जाते, असे म्हणून तिने मला पुढच्या ओफ्रेंदेसाठी माझ्या परसातला झेंडू आणायला सांगितले.

यंदा शाळेचे पत्र आले तेव्हा त्या मुलीने वर्गात बुटाचे खोके न्यायचे ठरवले होते. पोर्तो रिकोत ५ जानेवारीच्या रात्री मुले खोक्यात गवत भरून पलंगाखाली ठेवतात. तीन राजे येतात, त्यांचे उंट ते गवत खातात, आणि सकाळी खोक्यात भेट असते. वर्गात तिला सांगण्यात आले की तो सण जानेवारीतला, या महिन्यात बसत नाही. खोके परत आले आणि माळ्यावर ठेवले गेले. जानेवारीत ती ते घेऊन आमच्या अंगणात आली, कारण त्यांच्याकडे आता सगळी फरशी आहे. टेक्सासच्या थंडीत आमचे गवत वाळून पिवळे पडले होते. तिने मूठभर उपटले, निरखले, आणि पॉन्सेच्या आजीला फोन लावून स्पॅनिशमध्ये विचारले की उंटांना असले गवत चालते का. फोनवरून आजीचा आवाज मलाही ऐकू आला: फार लांबून येतात ते, चालेल त्यांना, पण शेजारी पाणी ठेवायला विसरू नकोस.